सुनेची वेगळी दोरी

कन्नडला माझ्या भावाच्या घरामागे कपडे वाळत घालायला पहिल्यापासून एक तार आहे, पाण्याच्या टाकीपासून सीताफळाच्या झाडापर्यंत. मागच्या वर्षी गेले तेव्हा त्या तारेपासून लांब, संडासाच्या भिंतीलगत एक निळी नायलॉनची दोरी नव्याने बांधलेली दिसली. तिच्यावर एक साडी, एक परकर आणि एक टॉवेल. त्या कोपऱ्यात दुपारनंतर ऊन येतच नाही. ही कुणाची म्हणून मी भावजयीला विचारलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "सूनबाईची. तिला गजकर्ण झालंय. माहेराहून घेऊन आली."

माझ्या डोक्यात तिडीक गेली, आणि त्याला कारण आहे. मी संभाजीनगरच्या एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत बुरश्या वाढवते. लोकांच्या अंगावरची, नखांतली बुरशी खरवडून घ्यायची, काचेच्या बशीत वाढवायची, ती कोणती ते ओळखायचं आणि कोणत्या औषधाने मरते ते बघायचं, यात माझी नोकरी गेली. माझ्या हातचं लोणचं खाताना नातेवाईक अजून जरा थांबतात. गजकर्ण ही बुरशीच असते. रक्त खराब झाल्याने ती होत नाही, उष्णतेने होत नाही, आणि सुनेच्या पायगुणाने तर नाहीच नाही.

मी तिथेच ओसरीवर बसून राहिले आणि घर बघत राहिले. भाऊ दाराच्या चौकटीला कंबर घासून आत गेला. भाचा, म्हणजे त्या सुनेचा नवरा, त्याचं बाजारात मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे; दिवसभर घट्ट जीन्स घालून प्लास्टिकच्या खुर्चीत बसतो. तो जेवायला आला तो मांड्या खाजवतच आला. भावजयीचा स्वतःचा हात परकराच्या नाडीपाशी सारखा जात होता. चौघांच्या घरात चौघांना गजकर्ण होतं, आणि दोरी मात्र एकीलाच बांधलेली होती.

न्हाणीघराच्या कोनाड्यात गजकर्णाच्या मलमाची ट्यूब होती. असणारच. शेपटापासून गुंडाळत आणलेली, टोपण हरवलेली. भावजय ती घरात सगळ्यांना पुरवायची, शिवाय शेजारणीलाही द्यायची. "हे लाव, आमच्याकडं सगळ्यांना गुण आला," असं म्हणून मोठ्या मनाने द्यायची. तिच्या मनात काही वाईट नसतं, हे मलाही माहीत आहे. पण त्या ट्यूबचा मला इतका राग आहे की मेडिकलच्या दुकानात ती काचेमागे दिसली तरी मी तोंड फिरवते.

त्या एका ट्यूबमध्ये तीन-चार औषधं कालवलेली असतात आणि त्यांतलं एक असतं स्टिरॉइड. ते खाज दाबतं, लाली घालवतं, आणि माणूस म्हणतो की गुण आला. पण अंगाची स्वतःची लढायची ताकद त्यानेच झोपवलेली असते, त्यामुळे बुरशी खाली मजेत पसरते. थोड्या दिवसांनी चट्टा दुप्पट होऊन परत येतो. मग पुन्हा ट्यूब. बुरशी मारणारं औषधही तिच्यात असतं, पण ते अर्धवट लागतं. जी बुरशी मरायची ती मरते, आणि जी औषधाला पुरून उरते तीच मागे राहते, वाढते, दुसऱ्याच्या अंगावर जाते. आपण गल्लोगल्ली पैदास चालवल्यासारखी ही जात वाढवली. वरून विचारायचं, सूनबाई कुठून घेऊन आली?

मी हे सगळं भावजयीला सांगितलं, बऱ्यापैकी चढ्या आवाजात. तिने ऐकून घेतलं आणि भलताच प्रश्न विचारला.

"अक्का, औरंगाबादला तुमच्याकडं तपासणी होती ना? लेकरू कुणाचं ते कळतं म्हणं मशिनीत. मग ही बुरशी कुणाची, ते नाय का कळत?"

"कळून काय करणार?"

"एकदाचं तोंडावर कळू द्या. म्हंजी कुणी उगं आमच्या घराला नावं ठेवायची नायत."

मी हो म्हणाले. एक तर खरंच तपासायचं होतं, आणि दुसरं म्हणजे सून दाराआडून ऐकत होती. तिच्या समोर नाही म्हटलं असतं तर तो तिच्यावरचा ठपकाच झाला असता.

चौघं जीप करून शहरात आले. आमच्या त्वचारोगाच्या डॉक्टरांनी तपासलं, माझ्याकडे खरवडायला पाठवलं. भावाने शर्ट वर केला, भाच्याने लाजत लाजत बेल्ट सैल केला, भावजय पडद्याआड बराच वेळ देवाचं नाव घेत राहिली. सून शेवटी आली. फर्दापूरची पोर, बारावी झालेली. तिचे वडील अजिंठ्याला येणाऱ्या पर्यटकांना रंगीत दगड विकतात. तिच्या कंबरेला पट्टा असावा तसा चट्टा होता, आणि ट्यूबने वरची कातडी पातळ होऊन चकाकत होती. मी पात्याने कडेचा भुसा काळ्या कागदावर पाडत होते. तिने विचारलं, "आत्या, यातून माझं नाव निघालं तर?"

मी म्हणाले, "बुरशीवर नाव नसतं."

"पण निघालं तर ते मला माहेरी धाडणारेत. मामींचं ठरलंय. मला वाटतं परत न्यायचे नायत."

ती सासूला मामी म्हणायची. हे तिने अगदी शांतपणे सांगितलं. त्वचेच्या रोगाने घर तुटायची वेळ आली होती, आणि तोडणारी सगळी माणसं स्वतः खाजवत होती.

बशीत बुरशी दिसायला आठवडे जातात. वाट बघत होते तोवर भावजयीचे फोन येतच होते. "निघालं का?" चोर सापडला का, अशा सुरात. शेवटी चौघांच्या बश्यांत पांढरी, पिठासारखी वाढ धरली. त्यातली थोडी थोडी मी औषध कालवलेल्या बश्यांत लावली. गजकर्णावर डॉक्टर सर्रास जी गोळी देतात तिचंच ते औषध. नीट मरणारी बुरशी असेल तर अशा बशीत काहीही उगवत नाही. या चौघांची त्या बशीत अशी फोफावली, की मी बशी उलटी करून चिठ्ठी पुन्हा वाचली.

जनुकं वाचायला नमुने दुसऱ्या मोठ्या प्रयोगशाळेत गेले. निकाल आला तेव्हा माझ्या शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी तो पडद्यावर उघडला. शहागंजच्या आहेत त्या, माझ्याइतक्याच जुन्या, आणि मराठी उत्तम बोलतात. पण चिडल्या की दख्खनी उर्दूवर जातात. चौघांच्या बुरशीची जनुकं अक्षरांच्या ओळी करून एकाखाली एक लावली. अक्षराला अक्षर तीच. मग त्यांनी आमच्याकडे आधीच वाचून आलेले नमुने खाली लावले: करमाडचा एक कंपनी कामगार, शहरातली एक शिक्षिका, एक पोलीस, एक मौलवी, एक पुजारी. तीच अक्षरं. गोळी बुरशीवर ज्या ठिकाणी घाव घालते, ते ठिकाणही सगळ्यांत एकसारखंच बदललेलं.

"सब एकीच खानदान के हैं," बाई म्हणाल्या. "कायको किसी का नाम लेते?"

माग काढायला फरक लागतो. बुरशीच्या पुष्कळ घराण्यांची सरमिसळ असती, तर हिची तिच्याशी जुळते, याची त्याच्याशी नाही, असं म्हणता आलं असतं. इथे फरकच उरलेला नाही. औषधाला न जुमानणारं एकच घराणं सगळीकडे माजलं आहे आणि बाकीची मागे पडली आहेत. सवर्णाच्या कंबरेवर तेच, दलिताच्या कंबरेवर तेच, आणि पाण्याची भांडी वेगळी ठेवणाऱ्यांच्या कंबरेवरही तेच. मला तर त्या पडद्यासमोर आपल्या सगळ्या सोवळ्याओवळ्याची लाज वाटली.

मी कन्नडला जाऊन सगळ्यांना बसवून सांगितलं. कुणी कुणाला दिली हे सांगता येत नाही. सगळ्यांची एकच आहे. ट्यूब फेकून द्या, ही नेहमीची गोळी चालणार नाही, डॉक्टरांनी दुसरी लिहिली आहे, ती सगळ्यांनी एकाच वेळी, सांगतील तितके दिवस घ्यायची. कपडे गरम पाण्यात, उन्हात, उलटे करून वाळवायचे. एकट्याने बरं होऊन उपयोग नाही.

भावजयीने मन लावून ऐकलं. मग म्हणाली, "म्हंजी ती निर्दोष हाय असं तुमची मशीन म्हणत नाय."

"ती दोषी आहे असंही म्हणत नाही."

"तेच तर. नाय म्हणत नाय."

इतक्या घरांची बुरशी एक निघते आणि या बाईला त्यातून एवढंच ऐकू येतं! भाऊ जमिनीकडे बघत बसला होता. त्याला मी लहानपणी कडेवर घेऊन फिरवलंय, पण त्या दिवशी त्याची मला किळस आली. भाचा मोबाईलमध्ये डोकं घालून होता. त्याच आठवड्यात सुनेला फर्दापूरला पोचवलं. बरी झाली की आणू, असं सांगून. बॅगेत भावजयीने आठवणीने नवी ट्यूब घातली. मी दिलेल्या गोळ्याही तिच्याजवळ होत्या, आणि मी रोज फोन करून त्या घ्यायला लावल्या. कन्नडच्या घरात मात्र त्या गोळ्या गरम पडतात म्हणून थोड्या दिवसांत बंद झाल्या. खाज कमी झाली होती ना. मग काय, कोनाड्यात पुन्हा ट्यूब.

एका रविवारी मी एसटीने फर्दापूरला गेले. रस्त्याकडेलाच त्यांचं घर, पुढच्या पडवीत विकायच्या दगडांच्या टोपल्या, फोडलेल्या गोट्यांतून चमकणारे जांभळे-पांढरे खडे. तिच्या आईने चहा केला. माझ्याकडे बघायचं टाळत होती. मी शेवटी नवऱ्याकडचीच. सून बरीच सुधारली होती. पण चहा द्यायला तिची धाकटी बहीण आली, शाळेत जाणारी, आणि तिच्या मनगटापाशी मला एक लहानसं गोल कडं दिसलं. नवं कोरं, लाल कडेचं.

"हे कधीचं?"

"आत्ताच आलंय," आई म्हणाली. "दोघी एकाच गोधडीत झोपतात. आमच्याकडं आधी कुणालाच नव्हतं हो. आम्हाला हे काय असतं तेबी ठाऊक नव्हतं."

"काही लावलं का याला? ट्यूब, गोळी, काही?"

"नाय. तुम्ही येणार म्हणून थांबलो."

त्या मुलीने जन्मात अशी ट्यूब लावली नव्हती, गोळी घेतली नव्हती. मी खरवड घेऊन आले, बशीत वाढवली, औषधाच्या बशीत लावली. ती वाढली. भावाच्या घरातली जशी फोफावली होती अगदी तशीच. ज्या पोरीने औषधाचं तोंड पाहिलं नाही, तिच्या अंगावरची बुरशी औषध पचवून आलेली होती. ट्यूबा कुणी लावायच्या आणि भोगायचं कुणी? त्या दिवशी मी प्रयोगशाळेत मोठ्याने बोलले, काय बोलले ते लिहीत नाही. शेजारच्या बाईंनी उठून दार लावून घेतलं.

मी तडक कन्नडला गेले. म्हटलं, आता तरी डोळे उघडतील. भावजयीला सांगितलं की फर्दापुरात कुणाला काही नव्हतं, सून गेल्यावर तिच्या बहिणीला झालं, आणि तिची बुरशीही तीच.

भावजय माझ्याकडे बघून म्हणाली, "बघा. म्हंजी फर्दापूरला हायच की."

मी उभी होते, ती खाली बसले. समोर टीव्ही होता, आणि त्याला पेन ड्राइव्ह कायमचा अडकवलेला होता. पोराच्या लग्नाची शूटिंग. घरात कुणीही आलं की भावजय ती लावते. त्या घरात चहाबरोबर लग्न बघावंच लागतं. मीच ते पुष्कळदा बघितलं होतं.

"हळद लाव," मी म्हणाले.

"आत्ता?"

"आत्ता. आणि त्यालाही बोलव."

भाचा दुकानातून आला. हळद सुरू झाली. अंगणात पाट, त्यावर भाचा, कंबरेला पंचा, उघडं अंग. बायका गाणी म्हणताहेत. भावजय स्वतः पोराला हळद लावते आहे, गालाला, छातीला, हाताला. मग कुणीतरी चेष्टेने त्याचा हात वर धरतं, काखेखाली लावायला. मी म्हणाले, थांबव. भाच्याने थांबवलं. काखेखालून बरगडीवर उतरलेलं एक मोठं गोल कडं होतं. मधे फिकट, कडेला लाल. एकदा दिसल्यावर न दिसणं शक्य नव्हतं. इतके दिवस पाहुण्यारावळ्यांना ते टीव्हीवर दाखवत होतो आम्ही.

"हळद बसलीय तिथं," भावजय म्हणाली, पण हळू.

मी म्हणाले, "पुढे जाऊ दे."

पुढे तीच वाटी. नवरदेवाची उष्टी हळद. ती पदराखाली झाकून भावजय जीपमध्ये बसते, नवरीच्या मांडवात उतरते, आणि फर्दापूरच्या त्या पोरीच्या अंगाला आपल्या हाताने लावते. पोरगी लाजून हसते. तिचे दंड उघडे, पाठ उघडी, कातडी स्वच्छ.

हळदीतूनच गेली असं मी म्हणत नाही. कदाचित गेली असेल, कदाचित नसेल. लग्नानंतर एका अंथरुणावर आल्यावर हळदीची गरजही नव्हती. पण आधी कुणाला होतं, हे त्या टीव्हीने सांगितलं. आमच्या प्रयोगशाळेला जे सांगता आलं नाही ते शूटिंगवाल्याने टिपून ठेवलं होतं. भावाने पहिल्यांदा मान वर केली. भाच्याने स्वतःच्या काखेखाली शर्टावरून हात ठेवला आणि तो तसाच ठेवून बसला.

भावजय उठून आत गेली. माफी वगैरे काही नाही. दोन दिवसांनी तिचा फोन आला, "बरी झाली असंल तर आणा म्हणा तिला. शेजारी विचारायलेत."

बरी झाली होती. डॉक्टरांनी तपासून तसं सांगितलंही होतं, बहिणीचं औषधही सुरू झालं होतं. भाचा मला शहरातून घ्यायला आला आणि आम्ही जीपने फर्दापूरला गेलो. मला वाटलं होतं, आता हा विषय संपला. सुनेने चहा आणला, नवऱ्यासमोर ठेवला आणि उभी राहिली.

"तुमची गेली का?" तिने त्याला विचारलं.

"जाईल की. लावतोय ना."

"काय लावताय?"

त्याने चहाचा कप उचलला. ट्यूबच असणार, दुसरं काय.

"मग मी आत्ता येत नाय," ती म्हणाली. "आले तर परत होईल, मग परत मीच आणली म्हणतील. मामींना झालं, मामांना झालं, तुम्हाला झालं. कुणाला कुठं धाडलं नाय. एकटीला धाडलं." ती पुढे म्हणाली, "तुम्ही राहा हितं. आत्या सांगतील त्या गोळ्या घ्या. गेली की दोघं जाऊ."

भाच्याने माझ्याकडे बघितलं. माझ्याकडून त्याला काही मदत मिळण्यासारखी नव्हती. मला त्या पोरीच्या पाया पडावंसं वाटत होतं. मी म्हणाले, दुकान तुझा एखादा मित्र बघेल, मी एसटीने जाते.

त्याने चहा संपवला. मग जीपवाल्याला जायला सांगितलं. जीप वळायच्या आत तिच्या आईने पडवीच्या खांबापासून समोरच्या कडुनिंबापर्यंत एक सुतळी बांधली, भर उन्हात, आणि जावयाचा टॉवेल तिच्यावर वाळत टाकला. दगड बघायला आलेले पर्यटक तिच्याखालून वाकून जात होते.

एसटी अजिंठ्याचा घाट चढत होती तेव्हा भावजयीचा फोन आला. जीपवाल्याने वाटेतूनच तिला फोन करून सगळं सांगितलं होतं.

"अक्का," ती रडत होती, "माझ्या पोराचे कपडे वेगळ्या दोरीवर घातले म्हणं त्यांनी."

"व्हय," मी म्हणाले, आणि फोन ठेवला.